कटरची परीक्षा

(दहावी, मार्च १९९४ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'सॉफ्टवेअर क्षेत्रातील माझी वाटचाल'. त्यावर दोन पानं लिहूनही झाली होती. परवा रात्री ती नवऱ्याला वाचून दाखवली, तर दुसरं पान सुरू व्हायच्या आत तो झोपला. म्हणून विषय बदलला आहे. आज मी लाकूड कापायच्या मशीनबद्दल बोलणार आहे. इंग्रजीत तिला चेनसॉ म्हणतात, आपल्याकडे कटर म्हणतात, आणि ज्यांचं पोट तिच्यावर चालतं ते नुसतं 'मशीन' म्हणतात.

हा विषय माझ्यापर्यंत आला तो आपल्याच वर्गातल्या एकामुळे. तो शेवटच्या बाकावर बसायचा आणि पावसाळ्यात हमखास उशिरा यायचा, कारण वाटेतला पऱ्या उतरल्याशिवाय त्याला ओलांडता यायचा नाही. आता तो लाकूडतोडीचे ठेके घेतो. लोकांच्या मालकीतली आकेशियाची लागवड, साग, ऐन, किंजळ, म्हातारे रायवळ आंबे. वनखात्याची परवानगी काढायची, दसऱ्यानंतर तोड सुरू करायची आणि पाऊस लागायच्या आत माल वखारीला पोचवायचा. हाताखाली सात-आठ माणसं आहेत. माझं नाव घेऊ नको अशी त्याने अट घातली होती. आता तुम्ही सगळेच मागे वळून त्याच्याकडे बघताय, त्याला मी काय करणार.

आमची पुन्हा भेट झाली ती निसर्ग चक्रीवादळात. २०२० ला मी शिमग्याला मुलांना घेऊन गावी आले आणि लॉकडाऊनमुळे इथेच अडकले. ३ जूनला वादळ आलं. ते काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको, दापोली-मंडणगडकडच्यांनी तर ते अंगावर घेतलं आहे. आमच्या घराच्या वाटेवर एक फणस, दोन आंबे आणि असंख्य पोफळी आडव्या होत्या. वीज नाही, फोन नाही, पुण्यातल्या माझ्या कंपनीच्या लेखी मी बेपत्ता. तिसऱ्या दिवशी वाटेच्या त्या टोकाकडून मशीनचा आवाज येऊ लागला आणि दुपारपर्यंत हा चार माणसांसकट आमच्या अंगणात उभा होता.

त्या दिवशी मी त्याचं काम पाहिलं. वादळात पडलेलं झाड उभ्या झाडापेक्षा वाईट. कुठेतरी अडकून वाकलेलं असतं, म्हणजे ताणलेलं धनुष्यच ते. चुकीच्या बाजूने कापलं तर एक तर मशीनची पाती चिमटून बसते, नाहीतर ओंडका उसळून माणसावर येतो. तो प्रत्येक खोडाभोवती एक फेरी मारायचा, दबलेल्या बाजूने आधी थोडा छेद द्यायचा आणि मग ताणलेल्या बाजूने उरलेलं कापायचा. वाकलेल्या तुळईत कुठे दाब आणि कुठे ताण, याच्या आकृत्या काढून मी इंजिनिअरिंगला चांगले गुण मिळवले आहेत. त्याने एकही आकृती काढलेली नाही आणि अजून त्याचे दोन्ही पाय शाबूत आहेत.

त्यानंतर २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्याचा फोन आला. "तू मेकॅनिकलवाली ना?" मी म्हटलं, पदवी मेकॅनिकलची, पण नोकरी कायम सॉफ्टवेअरची. "म्हणजे विसरलीस?" असं विचारल्यावर कोण हो म्हणेल? त्याला चार मशीन घ्यायच्या होत्या. आधीच्या एका नामांकित कंपनीच्या होत्या आणि त्या झिजल्या होत्या. आता एक विक्रेता त्याच्या मागे लागला होता, एका अजिबात ऐकिवात नसलेल्या कंपनीची मशीन घेऊन. मोठ्या नावाच्या एका मशीनच्या पैशात हिच्या दोन येत होत्या. "कागद पाठवतो, बघ आणि सांग. तू हो म्हणालीस तर घेतो."

मी बघितलं. आमच्या धंद्यात बघायचं म्हणजे तक्ता करायचा. इंजिन किती सीसीचं, ताकद किती किलोवॅट, पात्याशिवाय वजन किती, टाकी केवढी, क्रँककेस मॅग्नेशियमचा की प्लास्टिकचा. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा असतो. घरगुती मशीनचं इंजिन बहुतेकदा प्लास्टिकच्या सांगाड्यात बसवलेलं असतं, आणि रोज सहा तास चालणाऱ्या मशीनला धातूचा क्रँककेस लागतो. इथे तो धातूचा होता. साठ सीसीच्या आसपासचं इंजिन, वजन सहा किलोच्या आत. प्रत्येक रकान्यात नवीन मशीन जुनीच्या बरोबरीला किंवा पुढे. तक्त्यात एक ओळ होती, 'चेन ब्रेक', आणि तिच्यापुढे दोन्ही रकान्यांत मी एकच शब्द लिहिला होता: 'आहे'.

मी फोनवर हो म्हटलं. त्याने दुसऱ्या दिवशी चारही मशीनसाठी आगाऊ रक्कम भरली.

आता थोडं विषयांतर करते, कारण 'नाव ऐकलं नाही' हा माझ्या मते वाईट निकष आहे आणि अजूनही मला तसंच वाटतं. जर्मनीत आंद्रेआस श्टील याने १९२६ मध्ये विजेवर चालणारी साखळी-करवत काढली, ती उचलायला दोन माणसं लागायची. पुढच्याच वर्षी, १९२७ मध्ये, एमिल लेर्प याने पेट्रोलवर चालणारी मशीन थुरिंगियातल्या डोलमार नावाच्या डोंगरावर चालवून दाखवली आणि कंपनीला त्या डोंगराचंच नाव दिलं. श्टील आज आपल्याकडेही माहीत आहे. डोलमार १९९१ मध्ये जपानच्या माकिता कंपनीने घेतली आणि ते नाव हळूहळू पुसलं गेलं. इको हे जपानी नाव घ्या. जपानमध्ये आणि अमेरिकेत लाकूडतोडे ती मशीन बिनदिक्कत वापरतात. आपल्या बाजारपेठेत विचाराल तर दहातले नऊ जण म्हणतील, ही कुठली? तेव्हा ओळखीचं नाव म्हणजे बऱ्याचदा आपल्या गावापर्यंत कोणाचा टेम्पो आला, एवढंच असतं.

दिवाळीला मी गावी आले तेव्हा चारांपैकी दोन मशीन येऊन पडल्या होत्या. उरलेल्या दोन पैसे पूर्ण भरल्यावर येणार होत्या. भाऊबीज झाल्यावर आम्ही परीक्षा ठेवली. त्याच्या डेपोत आकेशियाचे फूटभर जाडीचे ओंडके होते. एक जुनी मशीन, एक नवी, कापणारा माणूस एकच, आणि मी मोबाईलमधलं स्टॉपवॉच घेऊन. सर, नववीत मी लंबकाचं एकच आंदोलन मोजून उत्तर लिहिलं होतं, तेव्हा तुम्ही माझी वही बाकावर परत ठेवली होतीत आणि म्हणाला होतात, वीस मोज, भाग दे आणि हे तीनदा कर. म्हणून प्रत्येक मशीनवर तीन-तीन काप घेतले. नवी मशीन जिंकली, आणि चांगल्या फरकाने. मला इतका आनंद झाला की मी लगेच तक्त्यात नवीन रकाना जोडला.

हा बाजूला बिडी ओढत उभा होता. म्हणाला, "आता साखळ्या बदल."

योगायोगाने दोन्ही पात्यांवर एकाच मापाची साखळी बसत होती. साखळीचं माप काढणं सोपं असतं: लागोपाठ तीन रिव्हेटांमधलं अंतर मोजायचं आणि त्याचं निम्मं करायचं. नवीची साखळी जुनीला चढवली, जुनीची नवीला, आणि पुन्हा तीन-तीन काप घेतले. आता जुनी मशीन पुढे! मी सकाळभर मशीन मोजतच नव्हते. मी साखळीची धार मोजत होते. नव्या मशीनबरोबर कारखान्यातून आलेली कोरी साखळी होती, आणि जुनीवरची दोन दिवस वापरून बोथट झालेली. धार सारखी केल्यावर दोघींत एखाद्या सेकंदाचासुद्धा फरक उरला नाही. ही चूक माझ्या कंपनीत नव्या मुलाने केली असती तर मी त्याला अर्धा तास ऐकवलं असतं.

साखळीवरून आठवलं, आणि हे जीवशास्त्राच्या बाईंना आवडेल. आज जगभर जी साखळी वापरतात तिचा दात मुळात एका अळीचा आहे. अमेरिकेत ओरेगन राज्यात जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. १९४६ मध्ये सरपण फोडताना त्याला बुंध्यात भुंगेऱ्याची अळी दिसली. ती उभ्या-आडव्या रेषांची पर्वा न करता लाकूड खात चालली होती. त्याने बारकाईने पाहिलं तेव्हा कळलं की तिचे जबडे आळीपाळीने डावीकडे आणि उजवीकडे चालतात. त्याने साखळीला तसेच वळलेले दात लावले, एक डावा, एक उजवा, आणि पुढच्या वर्षी कारखाना काढला. आपल्या डेपोत पडलेल्या साखळ्यांच्या खोक्यांवर त्याच राज्याचं नाव छापलेलं आहे.

दुपारी कंपनांचा विषय निघाला. मशीनची थरथर वर्षानुवर्षं हातात शिरली की बोटांच्या रक्तवाहिन्या बिघडतात, थंडीत बोटं पांढरी पडतात आणि त्यांना काही कळेनासं होतं. यासाठी चांगल्या मशीनमध्ये मुठी आणि इंजिन यांच्यामध्ये स्प्रिंगा किंवा रबर असतात, आणि कंपनाचा आकडा पुस्तिकेत छापलेला असतो. नव्या मशीनच्या पुस्तिकेत आकडा नव्हता. मी मोबाईल मुठीला बांधून मोजायचा प्रयत्न केला. ते सगळं व्यर्थ गेलं, मोबाईलच्या सेन्सरचा तो वकूब नाही. त्याच्याकडचा सगळ्यात जुना माणूस हे बघून हसत होता. एक टाकी संपेपर्यंत त्याने नवी मशीन चालवली, खाली ठेवली, आणि शर्टाचं वरचं बटण लावून दाखवलं. "ताई, बटण लागलं. जुनीवर कधी कधी लागत नाही." तेवढा गुण नव्या मशीनला मी दिला आणि अजूनही तो काढून घेतलेला नाही.

मग ब्रेक. पात्याच्या टोकाचा वरचा कोपरा चालू असताना कशाला टेकला, तर साखळीला पुढे जायला वाट नसते आणि अख्खं पातं उसळून कापणाऱ्याच्या तोंडाकडे येतं. पुढच्या मुठीसमोर एक ढाल असते, ती याचसाठी. पातं उसळलं की हाताच्या धक्क्याने किंवा स्वतःच्याच जडत्वाने ढाल पुढे पडते, क्लचच्या ड्रमभोवतीचा पोलादी पट्टा आवळला जातो आणि साखळी क्षणात थांबते. हे तपासायची पद्धत साधी आहे. इंजिन बंद ठेवायचं, ब्रेक सोडलेला ठेवायचा, मशीन ओंडक्यावर हात-सव्वा हात उंच धरायची, पुढचा हात सोडायचा आणि टोक खाली आपटू द्यायचं. आपटताच ब्रेक लागला पाहिजे.

पहिली नवी मशीन दहा वेळा आपटली. दहाही वेळा ब्रेक लागला. संध्याकाळ होत आली होती, घरी फराळाला पाहुणे येणार होते. मी हात झटकले आणि म्हटलं, झालं. तो म्हणाला, "दुसरी राहिली की." मी म्हटलं, अरे, तीच तर आहे, तेच मॉडेल.

दुसरी दहा वेळा आपटली. चार वेळा ब्रेक लागला.

आमच्या धंद्यात एक विनोद आहे. प्रोग्राम ग्राहकाकडे बंद पडला की तो लिहिणारा म्हणतो, माझ्या मशीनवर तर चालतोय. त्या विनोदावर मी वीस वर्षं हसत आले आहे. त्या संध्याकाळी हसू आलं नाही. क्लचचं झाकण उघडलं, तर पट्ट्यावर साखळीचं तेल झिरपलेलं आणि ढालीचा सांधा अडखळत होता. पुसून, साफ करून पुन्हा आपटलं. दहापैकी सात. सात म्हणजे आपल्या शाळेत पहिला वर्ग. ब्रेकला तो नापास.

तेव्हा त्याने मला पहिल्यांदा ती गोष्ट सांगितली. वादळानंतरच्या पंधरवड्यात, आमची वाट मोकळी करून गेल्यावर काही दिवसांनी, त्याच्याकडच्या एका पोराच्या मशीनचं टोक फांदीला लागलं होतं. गालापासून खांद्यापर्यंत. रस्ते बंद, फोन बंद, त्याला दुचाकीवर मध्ये बसवून नेलं. पोरगा वाचला. आता तो रिक्षा चालवतो आणि मशीनचा आवाज आला की रिक्षा दुसऱ्या रस्त्याने घेतो. त्या मशीनची ढाल मोडली होती आणि घाईत कोणी बदलली नव्हती. "मी बदलली नव्हती," असं तो म्हणाला. मग म्हणाला, "म्हणून तुला विचारलं होतं. मला वाटलं तू तेच बघशील."

मी तक्त्यात 'आहे' असं लिहिलं होतं.

हे सांगायला मला आज तीस वर्षांची ओळख लागतेय. विक्रेत्याला मीच फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, ब्रेक कोण वापरतं? पोरं ढाल काढूनच टाकतात." मी विचारलं, मग कारखान्यात एकेक मशीन तपासून पाठवतात की शंभरातली एक? त्यावर उत्तर नव्हतं. नामांकित मशीनमध्ये दोष निघतच नाही असं मी म्हणणार नाही. पण एका नगाची परीक्षा घेऊन सगळ्या नगांबद्दल बोलता यावं, हे ज्या कंपनीने साधलं आहे तिचे आपण जास्तीचे पैसे देतो. माझ्या तक्त्यात याला रकानाच नव्हता.

मशीनबरोबर आम्ही तेलपंपाचा एक छोटा प्लास्टिकचा गिअरही मागवला होता, मुद्दाम, गरज नसताना. बघू तरी किती दिवसांत येतो. एकेचाळीस दिवसांनी आला, तोही दुसऱ्या मॉडेलचा. त्याच्या जुन्या मशीनचा तोच भाग चिपळूणहून दुसऱ्या दिवशी एसटीने येतो. तोडीचा हंगाम मोजून सात-साडेसात महिन्यांचा, त्यात एकेचाळीस दिवस म्हणजे काय हे तुम्हीच हिशोब करा. आता कोणी मला मशीनबद्दल विचारलं तर मी सांगते, मशीन घ्यायच्या आधी तिचा सगळ्यात स्वस्त भाग मागवून बघ.

चारांचा व्यवहार मोडला. आगाऊ रक्कम परत मिळाली नाही. बरीच घासाघीस होऊन विक्रेत्याने तिच्या बदल्यात साखळ्या, पाती आणि तेल दिलं. त्या साखळ्या अजून संपलेल्या नाहीत. त्याने दोन जुन्या मशीन नीट दुरुस्त करून घेतल्या आणि एक नवी, मोठ्या नावाची, पतसंस्थेचं कर्ज काढून घेतली. दोन मशीन कमी, म्हणून त्या वर्षी दोन ठेके सोडले. तो मला काही बोलला नाही. माझ्या हो-नाहीत त्याचा अर्धा हंगाम गेला, हे बोलायची गरजही नव्हती. काढता पाय घ्यायचा म्हणून मी जाकीट, हेल्मेट, पाय न कापणारी विजार असा एक संच पाठवला. विजार एप्रिलच्या घामात कोणी घालत नाही असं ऐकते.

एक गोष्ट मात्र टिकली. त्याच्याकडे आता रोज सकाळी चहाच्या आधी प्रत्येक मशीन तीनदा आपटतात. गेल्या फेब्रुवारीत त्यातली एक नापास झाली, आणि ती मोठ्या नावाची निघाली. भुसा आणि चीक मिळून सांध्यात घट्ट बसला होता. साफ केली, चालू लागली. त्याने मला त्याचा व्हिडिओ पाठवला, खाली काही लिहिलं नाही.

दुसरी नवी मशीन परत गेली. पहिली, दहापैकी दहावाली, त्याने ठेवून घेतली. मी नको म्हणत होते, कारण आज दहा म्हणजे वर्षाने किती हे मला माहीत नाही. तो म्हणतो, खाली पडलेला ओंडका कापायला तिच्यासारखी हलकी मशीन त्याच्याकडे दुसरी नाही, आणि बटण लागतं. यावर आमचं एकमत झालेलं नाही.

ती मशीन आत्ता बाहेर त्याच्या टेम्पोत आहे. ज्यांना बघायची असेल त्यांनी जेवणानंतर मैदानात यावं. ओढण्या, पदर आणि मोकळे केस सांभाळा. चालवायला कोणी मागू नका, तो देत नाही. मी सकाळीच मागून बघितली आहे.